पिट्युटरीची गाठ नाकातून काढण्याचे काम शिकू इच्छिणाऱ्या खान्देशातील विद्यार्थ्यांसाठी

धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी मला अनेकदा विचारतात, की पिट्युटरीच्या गाठी नाकातून दुर्बिणीने काढण्याचे काम शिकायचे असेल, तर कान-नाक-घसा हा विषय घ्यावा की न्यूरोसर्जरीकडे जावे. मी स्वतः कान-नाक-घशाच्या वाटेने आलो. परंतु ही शस्त्रक्रिया दोन्ही विषयांच्या सर्जननी एकत्र उभे राहून करावी, असे माझे ठाम मत असल्याने मला दोन्ही वाटा सारख्याच योग्य वाटतात. एमबीबीएसनंतर कान-नाक-घशाचे तीन वर्षांचे एमएस आणि त्यापुढे कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप ही एक वाट झाली; जनरल सर्जरीच्या एमएसनंतर न्यूरोसर्जरीचे तीन वर्षांचे एमसीएच ही दुसरी.

खरे शिक्षण मात्र त्याच्या कितीतरी आधी, ओपीडीत सुरू होते. पिट्युटरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी, सेला नावाच्या हाडाच्या खोबणीत असते. तिच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात आणि समोर स्फेनॉइड सायनसची पोकळी असते. गाठ वर वाढून नसांवर दाब आला, की दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर जाते. असा रुग्ण ‘मला कमी दिसते’ असे क्वचितच म्हणतो. चष्मा बदलूनही फरक पडत नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, बाजूने आलेली मोटारसायकल एकदम अंगावर आल्यासारखी वाटते, असे तो सांगतो. अहिराणीत विचारले, तर हे सारे तो अधिक मोकळेपणाने बोलतो. त्याच्यासमोर बसावे, एक डोळा झाकून आपल्या नाकाकडे पाहायला सांगावे आणि बाहेरून आत बोट हलवत आणावे. या तपासणीला कोणतेही यंत्र लागत नाही, त्यामुळे ती तालुक्याच्या रुग्णालयातही करता येते. सांधे दुखतात म्हणून आलेल्या बाईंची जोडवी कापून काढावी लागली असतील आणि चपलेचा नंबर वाढत असेल, तर वाढीचे संप्रेरक जास्त स्रवत असल्याची शंका घ्यावी.

गाठ दिसली म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असे मात्र नाही. प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) स्रवणारी गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, म्हणून प्रोलॅक्टिनची तपासणी झाल्याशिवाय रुग्णाला टेबलावर घेऊ नये. गाठ खूप मोठी असूनही आकडा फारसा वाढलेला नसेल, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावे. प्रोलॅक्टिन अतिशय वाढलेले असले, की काही चाचण्यांत ते खोटे कमी दिसते.

नाकातून पिट्युटरीपर्यंत जाण्याची कल्पना जुनी आहे. हर्मन श्लोफर यांनी 1907 मध्ये इन्सब्रुक येथे या मार्गाने पहिली शस्त्रक्रिया केली. निव्वळ दुर्बिणीने ती करण्याची पद्धत 1990 च्या दशकात रुळली. आपली दुर्बीण 4 मिलीमीटर जाडीची असते. नवशिक्याच्या हाती आधी तीच येते आणि ते काम कमी प्रतीचे समजू नये. सहकारी दोन्ही हातांनी काम करत असताना दृश्य स्थिर ठेवणे, काच वेळीच धुणे आणि त्याची हत्यारे अडू न देणे हे ज्याला साधते, त्याला शस्त्रक्रियेची प्रत्येक पायरी डोळ्यांनी पाठ होते.

स्फेनॉइडचे तोंड शोधण्याचा सराव साध्या सायनसच्या शस्त्रक्रियांत आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर भरपूर करावा. सायनसच्या आतला हाडाचा पडदा अनेकदा थेट कॅरोटिडच्या हाडाला जाऊन मिळतो. तो पिरगाळून ओढला, तर धमनीला इजा होऊ शकते. म्हणून आदल्या दिवशी सीटी स्कॅनची प्रत्येक चकती स्वतः पाहावी. गाठ मऊ असेल, तर ती क्युरेट (खरवडण्याचे हत्यार) आणि सक्शनने निघते, पण क्रम महत्त्वाचा आहे: आधी खालचा भाग, मग बाजूंचा आणि शेवटी वरचा. वरचा भाग आधी काढला, तर वरचा पातळ पडदा फुग्यासारखा खाली उतरतो आणि बाजूला राहिलेली गाठ त्याच्यामागे दडते. हा पडदा फाटून मेंदूभोवतालचे पाणी गळू लागले, तर ते तिथल्या तिथे बंद करावे लागते. मोठ्या छिद्रासाठी नाकाच्या मधल्या पडद्यावरील ओलसर अस्तराचा, रक्तपुरवठा कायम ठेवलेला तुकडा फिरवून बसवतात.

त्यानंतरची रात्र वॉर्डात काढण्याची तयारी हवी. तासाला 250 मिलीलीटरपेक्षा जास्त, पाण्यासारखी लघवी सलग दोन-तीन तास झाली, तर सोडियम लगेच तपासावे. सकाळचे कॉर्टिसॉल (शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड संप्रेरक) पाहिल्याशिवाय स्टिरॉइड बंद करू नये. नाक शिंकरायचे नाही आणि शिंक तोंड उघडून द्यायची, हे रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकालाही समजावून सांगावे. सोडियम घसरण्याचा धोका मात्र बहुधा आठवड्याच्या सुमारास, म्हणजे रुग्ण घरी गेल्यावर येतो. तेव्हा शहादा, साक्री किंवा चोपड्याच्या रुग्णाला सुट्टी देताना सातव्या दिवशीच्या सोडियमची चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी, जवळची लॅब कोणती ते विचारून त्यावर लिहावे, आणि मळमळ, डोकेदुखी किंवा गुंगी आली तर तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता फोन करायला सांगून आपला नंबर नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये आपल्यासमोरच जतन करून घ्यावा.