गेलेल्या माणसाच्या कपड्यांची वाकळ कशी शिवावी

माणूस गेलं की तेरावा झाल्यावर कुणीतरी म्हणतंच, "कपडे देऊन टाका, घरात ठेवू नयेत." मी ठेवले. त्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली. आता गावातल्या दोघी-तिघी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून लिहून ठेवते.

माझे कपडे ढिगातून निघाले. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले, गाव दमून झोपलेलं. लेक दीड वर्षाची होती, उकाड्यानं रडत होती म्हणून तिला घेऊन मी अंगणात बाजेवर पडले होते. किल्लारीकडच्या आमच्या भागातली घरं दगड-मातीची, वर माळवदाच्या मातीचं ओझं. मालक आणि सासूबाई आत होत्या. आठव्या दिवशी पेटी सापडली. त्यात मालकांचे तीन सदरे, एक धोतर आणि सासूबाईंचं इरकली लुगडं.

आधी हे सांगते की घाई करू नका. पत्र्याच्या शेडात ती पेटी माझ्या उशाशी होती, पण दीड-पावणेदोन वर्षं मी कुलूप काढलं नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात एका दुपारी काढलं. का त्याच दिवशी, ते मला सांगता येणार नाही. भावकीनं ठरवायची ही गोष्ट नव्हे. लेकरांना मात्र विचारा, त्यांना एखादा कपडा तसाच हवा असतो. आणि एक कपडा आपल्यासाठी न धुता बाजूला ठेवा. मी तिन्ही सदरे एकदम भिजवले. वास गेला. ते मला अजून सलतं.

कापड सुती घ्या, वापरून मऊ झालेलं. नायलॉन, टेरिकॉट टाक्यात ठरत नाही, सरकतं, आणि अंगाला चटकतं. गेलेल्याचा सदरा नेमका टेरिकॉटचाच असेल, तर त्याचा खिसा उसवा आणि शेवटी वरून ठिगळासारखा लावा. आमच्या मालकांच्या खिशावर चुन्याचा डाग होता. तो मी घासून काढला नाही.

नऊवारी लुगड्याचे सहा-सहा फुटांचे चार तुकडे निघतात, वर थोडं उरतं. दोन तुकडे बाहेरून, वर आणि खाली. दोन आत. त्यांच्या मधे सदरे. सदऱ्याची शिवण कातरीनं कापू नका, ब्लेडनं उसवा, म्हणजे कापड पुरं मिळतं. गुंड्या, कॉलर, जाड पट्ट्या काढा. तुकडे एकमेकांवर फार चढवू नका, नाहीतर तिथं गाठोडं होतं आणि सुई अडते. ओसरीवर सगळं अंथरून तळहातानं सुरकुत्या काढा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा, मग हात-हात अंतरावर लांब कच्चे टाके घाला. इथं कंटाळा केला की पुढं सगळे थर सरकतात.

मग कडा बोटभर आत दुमडून पक्का धावदोरा. कडेनं सुरू करून गोल गोल आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. सुती दोरा दुहेरी. दोरा फार ओढला की कापड चुण्या धरतं. रोज दोन तास बसलं तर माझी महिन्याभरात झाली.

हात चालतो तेव्हा तोंड बंद ठेवू नका. सासूबाई जात्यावर ओव्या म्हणायच्या, मी नुसती ऐकायची. वाकळीवर बसल्यावर मला माझी पहिली ओवी सुचली:

पहिला माझा टाका गं, सासूबाईच्या नावाचा
ढिगात गेला उंबरा, माझ्या जुन्या गावाचा

दोनच ओळी पुरतात. शेवटाला शेवट जुळवा आणि मधे खरी वस्तू घाला: उंबरा, चूल, बैलाचं नाव, खिशावरचा डाग. नुसतं "दुःख दुःख" म्हणून ओवी होत नाही. मालक असताना मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. पहिल्यांदा घेतलं ते सुईकडे बघत, दहाव्या की बाराव्या ओवीत. त्या दिवशी पोटभर रडले आणि दोन ओळी जास्त शिवल्या.

आपल्या मराठवाड्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईची गोष्ट सासूबाई सांगायच्या. विठोबा तिच्या घरी आला आणि जाताना घाईत आपला शेला विसरून जनीची वाकळच पांघरून गेला. कुणी वाकळीला चिंध्या म्हणालं की मला ती आठवते.

१९९६ ला मी दुसरं लग्न केलं. हे शेजारच्या गावचे, त्यांची घरधनीण त्याच पहाटे गेलेली. मला भीती होती की ती वाकळ ह्यांना चालेल का. पहिल्या थंडीत ह्यांनी स्वतःच ती अंगावर घेतली. काही महिन्यांनी आपल्या पेटीच्या तळातून पहिलीच्या लुगड्याचा एक हिरवा तुकडा काढला आणि म्हणाले, "ह्याला जागा आहे का?" होती. शिवलेली वाकळ उसवावी लागत नाही. तुकड्याच्या कडा दुमडून वरून लावा, आणि टाका खालच्या थरापर्यंत जाऊ द्या. मी तो खिशाच्या शेजारी लावला. वाकळ विरली की असाच वरून अख्खा नवा थर चढवतात. माझ्या वाकळीवर आता तिसरा आहे.

धुवायची ती चैत्रात, कडक उन्हात, दोघांनी पिळून. ओली फार जड होते.

सध्या माझ्या ओसरीवर एका सव्वीस वर्षांच्या पोरीची वाकळ अंथरलेली आहे. तिच्या नवऱ्यानं औंदा कर्जापायी जीव दिला. कच्चे टाके तिचे झालेत, कड सुरू केली आहे. अजून बोलत नाही. मी सुई ओवून तिच्या हातात देते आणि माझ्या ओव्या म्हणत राहते.