गोव्याच्या उकाड्यातलं घरगुती डिओडरंट

खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आमच्या फोंड्यात ते जवळजवळ वर्षभर पातळच. इथे नुसत्या तेलावर भागत नाही, मधमाशीचं मेण हवंच.

गरम पाण्याच्या टोपात वाटी ठेवून 3 चमचे तेल आणि 1 चमचा किसलेलं मेण वितळवा. उतरवून 2 चमचे आरारूट, पाव चमचा खायचा सोडा घाला. घट्ट होईतो ढवळत राहा, नाहीतर पूड तळाशी बसते. कोरड्या डबीत भरा.

घाम यानं थांबत नाही. घामावर जगणाऱ्या जिवाणूंमुळे येणारा वास कमी होतो. सोडा काहींना झोंबतो. माझ्या जावेला काखेत पुरळ आलं, तिच्यासाठी मी तो वगळते. आधी कोपराच्या आत लावून बघा. केस काढल्यावर लगेच नको. मटाराएवढं पुरतं, जास्त लावलंत तर ब्लाउजवर तेलाचे डाग पडतात.