चर्चच्या कर्मचाऱ्यांसाठी खेळ घेताना या चुका टाळा

चर्चचे कर्मचारी म्हणजे केवळ पाळकसाहेब नव्हेत. कार्यालयातले लिपिक, हिशेब ठेवणारे, पेटी किंवा ऑर्गन वाजवणारे, संडे स्कूलच्या शिक्षिका, घरोघरी जाऊन प्रार्थना घेणाऱ्या बायबल वूमन, चर्च उघडणारे आणि घंटा वाजवणारे केअरटेकर, आणि जिथे शाळा, वसतिगृह किंवा दवाखाना जोडलेला असतो तिथे ड्रायव्हर, वॉचमन आणि स्वयंपाकीण हे सगळेच त्यात येतात. वर्षातून एकदोनदा या सर्वांना एकत्र बसवावे, सोबत जेवावे आणि थोडे खेळावे, ही प्रथा फार चांगली आहे. मात्र अशा मेळाव्यांत घेतलेले खेळ बरेचदा तरुण संघाच्या शिबिरातून जसेच्या तसे उचललेले असतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते. शिबिरातली मुले खेळून आपापल्या घरी जातात. कर्मचारी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कार्यालयात, त्याच माणसांसमोर उभे राहतात, आणि काल कोणाची फजिती झाली, कोणाला कोणी आपल्या गटात घेतले नाही, हे त्यांच्याबरोबर तिथवर येते.

सर्वांना शास्त्र सारखेच पाठ आहे असे धरून चालणे

वचन शोधण्याची स्पर्धा आपल्याकडे संडे स्कूलपासून चालत आलेली आहे. बायबल मिटून मांडीवर ठेवायचे, संदर्भ पुकारला की उघडायचे, आणि ज्याला प्रथम सापडेल त्याने उभे राहून वाचायचे. एका मेळाव्यात ही स्पर्धा मीच घेत होते. मी "हबक्कूक, दुसरा अध्याय, चौथे वचन" असे पुकारले आणि पाने सळसळू लागली. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींनी बायबल मधोमध उघडले, तिथे स्तोत्रसंहिता निघाली, आणि त्यांचा अंगठा त्याच पानावर वरून खाली फिरत राहिला. शेजारच्या ताईंनी हळूच त्यांचे पुस्तक पुढे उलटून दिले, तेव्हा "मदत चालणार नाही" असे मी मोठ्याने म्हणाले. पुढच्या फेरीआधी मावशी "चहाचं बघते" म्हणून उठल्या आणि खेळ संपेपर्यंत परत आल्या नाहीत. त्यांना वाचनाचा सराव नव्हता हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण त्या महिन्यातून एकदा माझ्यासमोरच पगाराच्या पावतीवर अंगठा उमटवत असत.

ही चूक दोन प्रकारे सुधारता येते. एक म्हणजे स्पर्धा व्यक्तींऐवजी तिघाचौघांच्या गटांत घ्यावी आणि प्रत्येक गटाला एकच बायबल द्यावे, म्हणजे एक शोधतो, दुसरा वाचतो आणि तिसरा हे वचन कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हटले ते सांगतो. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. ज्या खेळात पुस्तकी ज्ञानापेक्षा रोजच्या कामाची ओळख उपयोगी पडते, तो खेळ आधी घ्यावा. मोठ्या ताटात चर्चमधल्या पंधरा वस्तू मांडाव्यात, जसे की दानाची पिशवी, पावतीपुस्तक, गीतक्रमांकाच्या पाटीवरचे सुटे आकडे, मेणबत्तीचे थोटूक, मायक्रोफोनचा सेल, संडे स्कूलचे हजेरीपत्रक, झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) केलेला आणि आता सुकलेला झावळीचा क्रूस, जुन्या कपाटाची किल्ली. एक मिनिट पाहू द्यावे, वर कापड टाकावे आणि गटाने आठवून सांगावे. नंतर प्रत्येक वस्तू एरवी कुठे ठेवलेली असते, असा दुसरा प्रश्न विचारावा. इथे पाळकसाहेब आणि कमिटीचे सचिव अडखळतात, तर केअरटेकर काका एकेक गोष्ट जागेसकट सांगतात.

कर्मचाऱ्यांमध्ये ख्रिस्ती नसलेली माणसेही असतात, विशेषतः शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या मंडळ्यांमध्ये, हेही लक्षात असावे. खेळाच्या नावाखाली त्यांना प्रार्थना म्हणायला किंवा वचन पाठ करायला लावू नये. ज्यांच्या हाती आपला पगार आहे त्यांनी सांगितलेल्या खेळाला "नको" म्हणणे कोणालाही अवघड जाते, म्हणून न खेळण्याची मोकळीक आयोजकांनी आरंभीच सर्वांसमोर आणि मनापासून द्यावी. गुण मोजणे, वेळ पाहणे, चिठ्ठ्या वाचणे अशी कामे हाताशी ठेवली की न खेळणारा माणूसही बाजूला पडत नाही.

प्रश्नमंजूषेतले वादग्रस्त प्रश्न

बायबल प्रश्नमंजूषा बिघडते ती खेळाडूंमुळे नव्हे, तर प्रश्न काढणाऱ्यामुळे. "येशूच्या दर्शनाला किती मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) आले?" या प्रश्नाचे उत्तर "तीन" असे लिहून ठेवलेले असते, परंतु मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोकांची संख्या दिलेलीच नाही, तिथे सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटी आहेत. एदेन बागेतले फळ सफरचंद होते असे उत्पत्तीत कुठेही म्हटलेले नाही, आणि योनाला गिळणारा तो मोठा मासा होता, देवमासा असे पुस्तकात नाही. ज्या माणसाने शास्त्र लक्षपूर्वक वाचले आहे त्याचेच उत्तर चूक ठरवले गेले, तर त्याला वाईट वाटते आणि वाद वाढतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या कागदावर उत्तरासोबत पुस्तक, अध्याय आणि वचन लिहिलेले असावे, आणि आदल्या दिवशी दुसऱ्या एखाद्याने ते बायबल उघडून तपासलेले असावे.

मराठीत बायबलची एकाहून अधिक भाषांतरे वापरात आहेत, त्यामुळे "रिकाम्या जागा भरा" या प्रकारात शब्दाला शब्द जुळतोच असे नाही. अर्थ बरोबर असेल तर गुण द्यावा, हा नियम आधीच सांगावा. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक सहकारी एकत्र असतील तर आणखी दोन ठिकाणी जपावे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३. आणि दहा आज्ञांची क्रमवारीही वेगळी आहे. "खून करू नको" ही आज्ञा बहुतेक प्रॉटेस्टंटांच्या मोजणीत सहावी येते, कॅथलिकांच्या मोजणीत पाचवी. "सहावी आज्ञा कोणती?" असा प्रश्न विचारल्यास दोघेही बरोबर असतात आणि दोघांपैकी एकाचा गुण जातो. त्याऐवजी आज्ञा वाचून दाखवावी आणि ती कोणत्या पुस्तकात आहे ते विचारावे.

इंग्रजीतून उतरवून घेतलेल्या प्रश्नसंचांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते वापरू नयेत. त्यांतले अक्षरांचे खेळ मराठीत मोडतात, पुस्तकांची नावे जुळत नाहीत, आणि अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावरचे प्रश्न आपल्या बायबल वूमनला परके वाटतात. आपल्याजवळ आपला इतिहास आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुरू झाले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि बायबलचे मराठी भाषांतरही केले. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली. असे प्रसंग एकेका चिठ्ठीवर, साल न घालता, लिहावेत आणि गटांना ते काळाच्या क्रमाने लावायला सांगावे. या खेळात वयस्कर मंडळी खुलतात, आणि त्यासोबत स्वतःच्या चर्चच्या कोनशिलेवरचे साल विचारले तर सर्वांचेच कान टवकारतात.

ऑनलाइन भेंड्या का फसतात

मंडळ्या तालुक्याच्या गावांमध्ये विखुरलेल्या असल्या की ऑनलाइन भेटणे सोयीचे पडते, आणि सर्वांना ठाऊक असलेला खेळ म्हणून गाण्यांच्या भेंड्या ठरतात. तिथे जे घडते ते असे: एकजण पेटी लावून गीत सुरू करतो, बाकीचे साथ देतात, आणि दोन ओळींत सूर एकमेकांवर आदळू लागतात. दोष कोणाच्या गळ्याचा नसतो. आवाज इंटरनेटवरून पोहोचायला लागणारा वेळ सेकंदाचा अगदी लहान भाग असला, तरी एकत्र गाण्यासाठी तो फार मोठा असतो. सुमारे तीस मिलिसेकंदांच्या पुढे गेले की ताल धरणे कठीण होते, आणि व्हिडिओ बैठकीत विलंब सहसा त्याहून बराच जास्त असतो. त्यातच ही सॉफ्टवेअर बोलण्याचा आवाज पुढे आणतात आणि सलग वाजणारा पेटीचा सूर गोंगाट समजून दाबतात. यावर उपाय एकच: एका वेळी एकच माइक चालू ठेवावा, इतरांनी आपापल्या घरी माइक बंद करून गावे. प्रभूची प्रार्थनाही याच रीतीने म्हणावी.

भेंड्यांची आणखी एक अडचण ऑनलाइन आणि प्रत्यक्ष दोन्हीकडे येते. आपल्या गीतांची सुरुवात पुन्हा पुन्हा "प्रभु", "येशू", "ख्रिस्त", "ये", "हे" अशा शब्दांनी होते, त्यामुळे "ळ" किंवा "ण" आला की खेळ अडतो, आणि "य" आला की संपतच नाही. अक्षराऐवजी शब्द द्यावा. "मेंढपाळ", "दिवा", "वाट", "पाणी" यांपैकी एखादा शब्द ज्या गीतात कुठेही येतो त्याच्या दोन ओळी म्हणायच्या, असा नियम ठेवला की भजने, कोरस आणि जुनी गीते सारीच उपयोगी पडतात.

"आधी बोलेल त्याचा गुण" हा नियम ऑनलाइन अन्यायाचा आहे. शहरात वायफायवर बसलेला माणूस नेहमी जिंकतो, आणि गच्चीवर जाऊन रेंज धरणाऱ्या ताईंना प्रश्न ऐकू येईपर्यंत उत्तर जाहीर झालेले असते. उत्तर कागदावर लिहून सर्वांनी एकदम कॅमेऱ्यासमोर धरावे, किंवा पाळीपाळीने विचारावे. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी बंद होते आणि गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघांची किंवा त्याहून मोठी बैठक एका तासाने, हे गणित आधी करावे. आमची एक बैठक "आमची रोजची भाकर" म्हणता म्हणता तुटली आणि पुन्हा जोडून घेण्याइतका धीर कोणाला उरला नाही. ज्यांच्या गावी व्हिडिओ टिकतच नाही, त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपच्या गटावर आठवडाभर चालणारा संथ खेळ उत्तम. रोज एक जुना फोटो टाकावा आणि हे कोणते चर्च, कोणते साल, मागे उभे कोण, ते ओळखायला सांगावे.

जे खेळाचे साहित्य नव्हे

हावभावांवरून प्रसंग ओळखण्याच्या खेळात कोणीतरी वधस्तंभाची चिठ्ठी काढतो, हात पसरतो, आणि समोरचे हसतात. हसणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, तरीही ज्या खोलीत असे घडले तिथे क्षणभर अवघडलेपण पसरते आणि ज्येष्ठ माणसे खाली पाहू लागतात. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, वधस्तंभ आणि पाय धुण्याचा प्रसंग चिठ्ठ्यांमध्ये घालूच नयेत, आणि प्रभुभोजनाचा प्याला किंवा ताट खेळाच्या वस्तूंमध्ये ठेवू नये. झाडावर चढलेला जक्कय, दाविदाची गोफण, तारवात शिरणारे प्राणी, जाळ्यात न मावणारे मासे असे कितीतरी प्रसंग खेळण्यासारखे आहेत. पीठ, अंडी किंवा भात वाया घालवणारे खेळही मला पटत नाहीत, कारण त्याच हॉलमध्ये आपण भाकरीसाठी प्रार्थना करतो.

माणसाचे खासगी आयुष्यही याच यादीत येते. "तुमची सर्वांत मोठी भीती सांगा" किंवा "दोन खरे, एक खोटे" यांसारख्या खेळांत कर्मचारी वरिष्ठांसमोर नको ते बोलून जातात. उखाण्यांची फेरी घ्यायची असेल तर जोडीदाराचे नाव घेण्याची अट ठेवू नये, बायबलमधल्या एखाद्या पुस्तकाचे नाव गुंफायला सांगावे. विधवा, अविवाहित किंवा एकट्या राहणाऱ्या बहिणी मग मोकळेपणाने भाग घेतात.

हुद्दा, वेळ आणि जागा

पाळकसाहेब खेळाडू असले की समोरचा गट मुद्दाम हरतो, आणि त्यांना उत्तर आले नाही तर शांतता पसरते. त्यांना गुणलेखक करावे, किंवा गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवडदेखील चिठ्ठ्या टाकूनच केली होती, त्यामुळे या पद्धतीवर सहसा कोणी आक्षेप घेत नाही.

रविवारी दुपारी खेळ ठेवू नयेत, कारण त्या दिवशी हीच माणसे पहाटेपासून राबलेली असतात; सोमवार बऱ्याच पाळकांचा विश्रांतीचा दिवस असतो; नाताळापूर्वीचा महिना आणि ईस्टरपूर्वीचा दुःखसहनाचा आठवडा तर सोडावाच. ईस्टरनंतरचे दिवस किंवा पावसाळ्यातला एखादा मधला वार बरा. पळापळीचे खेळ गुडघे दुखणाऱ्यांना आणि साडी नेसलेल्यांना बाहेर ठेवतात, म्हणून बसून खेळता येणारे खेळ अधिक असावेत. स्त्री-पुरुषांचे हात धरण्याचे किंवा डोळे बांधण्याचे प्रकार टाळावेत. पैसे लावून तांबोला खेळू नये, आणि बक्षिसांचा खर्च दानाच्या रकमेतून करू नये. प्रत्येक खेळानंतर त्याचा आत्मिक अर्थ समजावून सांगण्याचा मोहही आवरावा.

कार्यक्रमपत्रिकेत शेवटची पंधरा मिनिटे आवराआवरीसाठी लिहून ठेवावीत. खुर्च्या लावणे, कागद उचलणे आणि कप धुणे ही कामे गटांमध्ये वाटून द्यावीत, म्हणजे बाकीचे घरी गेल्यावर केअरटेकर काका आणि मावशी एकटेच हॉल झाडत मागे राहणार नाहीत.