छोट्या, निमशुष्क पाणलोटात ओढ्याला किती पाणी येईल, ते कसं काढायचं

वर्षाचा पाऊस गुणिले क्षेत्रफळ गुणिले दहा-पंधरा टक्के, एवढ्या हिशेबावर बंधारा आखला की तो एक तर कोरडा राहतो, नाही तर पहिल्याच मोठ्या सरीत सांडवा अपुरा पडतो. निमशुष्क भागात भूजल बहुधा ओढ्याच्या तळाच्या खाली असतं. ओढ्याला येतं ते जवळपास सगळं जमिनीवरून धावत आलेलं पाणी, म्हणजे अपधाव. पाऊस मुरण्यापेक्षा जास्त वेगाने पडला तरच अपधाव तयार होतो. म्हणून हिशेब वर्षाचा नको, एकेका सरीचा करा.

आधी हद्द आखा. समोच्च रेषांच्या नकाशावर ओढ्यावरची मोजणीची जागा ठरवा आणि तिथून दोन्ही बाजूंनी माथ्यामाथ्याने रेषा ओढा. मग शिवारात फिरून ती तपासा, शक्यतो पाऊस पडत असताना. रस्त्याकडेची चारी, बांध, बुजलेली मोरी यांनी पाणी शेजारच्या ओढ्याकडे वळवलेलं असतं आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो. एक आकडा पाठ असू द्या: १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर.

पाऊस मोजताना दिवसाची बेरीज पुरत नाही. ३० मिलिमीटर पाऊस सहा तासांत पडला तर वेग ताशी ५ मिलिमीटर, ४० मिनिटांत पडला तर ताशी ४५. ओल्या झालेल्या जमिनीत पाणी मुरण्याचा स्थिर वेग ढोबळमानाने असा असतो: चिकणमातीत ताशी १ ते ५ मिलिमीटर, पोयट्यात १० ते २०, वाळूत ३० च्या वर. म्हणजे पोयट्यावर पहिला पाऊस मुरून जाईल, दुसरा धावेल. रोजच्या नोंदवहीत मात्र दोन्ही सारखेच दिसतील. आपोआप नोंद करणारा पर्जन्यमापक नसेल तर साध्या मापकावर सर चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी वाचन घ्या. मापकाच्या भोवतीचं झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवी.

मुरण्याचा वेग जागेवर मोजायला दुहेरी कडं वापरतात: आतलं ३० सेंटिमीटर व्यासाचं, बाहेरचं ६० चं, दोन्ही १०–१५ सेंटिमीटर खोल ठोकलेली. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी ठेवा, वाचन मात्र आतल्याचंच घ्या, आणि वेग स्थिर होईपर्यंत, म्हणजे तास-दोन तास थांबा. ठोकताना कड्यालगत भेग पडली तर पाणी तिथूनच पळतं. ती जागा सोडा. पाणी थेट मातीवर ओतू नका, आधी फडकं अंथरा. इतकं करूनही आकडा वाढीवच येतो, कारण खऱ्या पावसात थेंबांच्या माराने मातीचे कण फुटतात, बारीक माती छिद्रांत बसते आणि वर पापुद्रा धरतो. साचलेल्या स्वच्छ पाण्याखाली तो धरत नाही. उघड्या जमिनीवर अपधाव ठरवण्यात या पापुद्र्याचा वाटा मोठा असतो, आणि नेमका तोच या चाचणीतून निसटतो.

आता सूत्र. कर्व्ह नंबर म्हणजे जमीन आणि तिच्यावरचं आच्छादन बघून तक्त्यातून घेतलेला आकडा; तो जितका मोठा तितका अपधाव जास्त. या पद्धतीत आधी जमिनीची साठवण, म्हणजे ती किती पाणी धरू शकते, ते काढतात:

साठवण = २५४०० ÷ कर्व्ह नंबर − २५४
अपधाव = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण)

सगळं मिलिमीटरमध्ये. पाऊस ०.२ × साठवणीपेक्षा कमी असेल तर अपधाव शून्य धरा. मध्यम मुरणाऱ्या जमिनीवर चरून विरळ झालेलं गवत असेल तर कर्व्ह नंबर ८० च्या आसपास येतो, म्हणजे साठवण ६३.५. ४० हेक्टरच्या पाणलोटावर ३० मिलिमीटर पडले तर अपधाव ३.७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १४८० घनमीटर. ६० पडले तर २०.२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८०८० घनमीटर. पाऊस दुप्पट, पाणी साडेपाच पट! ठरावीक टक्केवारी का फसते ते इथे दिसतं.

आधीचे पाच दिवस कोरडे गेले असतील तर तक्त्यानुसार ८० चा कर्व्ह नंबर ६३ च्या जवळ उतरतो आणि ३० मिलिमीटरचा अपधाव शून्य येतो. हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत तो पटतो, पहिला पाऊस भेगांतच जातो. पापुद्रा धरलेल्या हलक्या जमिनीवर मात्र कोरड्यातही जोरदार सर लगेच धावते. सूत्रात पावसाचा वेग कुठेच नाही, म्हणून असा निर्णय शेवटी जमीन बघूनच घ्यावा लागतो.

उतारावरून निघालेलं सगळं पाणी खाली पोचतही नाही. ८०० मीटर लांब, ४ मीटर रुंद पात्रात अर्धा मीटर कोरडी वाळू असेल आणि तिच्यात ३० टक्के पोकळी धरली, तर ती ४८० घनमीटर पाणी पिऊ शकते. वरच्या १४८० मधला जवळजवळ तिसरा हिस्सा. लहान सरीचं पाणी म्हणूनच वरच्या ओहळात दिसतं आणि खाली ओढा कोरडाच असतो. छोट्या चाचणी-वाफ्यावर मोजलेला अपधाव अख्ख्या पाणलोटाला लावला तर हिशेब फुगतो, तोही यामुळेच.

ताळा ओढ्यावरच घ्या. लहान ओहळात आडव्या बसवलेल्या पत्र्याला कापलेली ९० अंशांची त्रिकोणी खाच चालते: प्रवाह = १.३८ × उंची^२.५, उंची म्हणजे खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची पातळी, मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये. १५ सेंटिमीटर उंचीला सेकंदाला १२ लिटर, ३० ला ६८ लिटर. उंची खाचेवर मोजू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. जास्तीत जास्त उंचीच्या तीन-चार पट मागे पट्टी रोवा. मागे गाळ साचला की सूत्र बिघडतं, म्हणून प्रत्येक पुरानंतर तो उपसा. गाळ फारच येत असेल तर खाचेचा नाद सोडून सरळ, एकसारख्या पात्राचा तुकडा निवडा आणि पुराच्या खुणांवरून काटछेद काढा.

मोजलेलं आणि सूत्रातलं पाणी जुळत नसेल तर कर्व्ह नंबर थोडा-थोडा सरकवा, पण एकाच सरीवरून नाही. पाच-सहा सरी हाताशी हव्यात, आणि त्यांत कोरड्या खंडानंतरची एक तरी.