गरिबी सुटत का नाही? आधी पैसा कुठे गळतोय ते शोधा

"चहा सोडा, मोबाईल सोडा, पैसे वाचतील" असले सल्ले आधी बाजूला ठेवा, त्याने माणूस फक्त चिडतो. कमाई कमी असते हे आहेच, पण हातात रोकड नसली की प्रत्येक गोष्ट महागच पडते, आणि म्हणून माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

सगळ्यात आधी रोजचं व्याज मोजा. समजा दादरला एक मावशी भाजी विकतात, पहाटे माल उचलायला कुणाकडून तरी 900 घेतात आणि रात्री 1000 परत देतात. शंभरच तर गेले असं वाटतं ना, पण महिन्यात 25 दिवस धंदा धरला तर 2500 झाले, म्हणजे 900 च्या भांडवलावर अडीच हजार व्याज, आणि पुढच्या महिन्यात ते 900 पण आपले नाहीतच! इथे एकच करायचं, रोज 50 डब्यात टाकायचे, 18 दिवसांत स्वतःचे 900 उभे राहतात. सांगायला सोपं आहे, मान्य, मधेच पोराला ताप येतो आणि डबा रिकामा होतो. तरी परत सुरू करायचं. फेरीवाल्यांसाठी 2020 पासून पीएम स्वनिधी आहे, बिनतारण कर्ज, वेळेवर फेडलं की 7 टक्के व्याज सवलत आणि पुढच्या वेळी मोठी रक्कम. वॉर्ड ऑफिसला चौकशी करा.

सावकाराकडे जाणारच असाल तर लायसन्स बघा, राज्यात 2014 च्या कायद्याने ते लागतंच. आणि "शेकडा दहा" म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला 120 टक्के बरं का! घरात थोडं सोनं असेल तर बँकेचं गोल्ड लोन यापेक्षा कितीतरी स्वस्त.

भाड्याच्या खोलीचंही तेच, 11 महिने झाले की नवी खोली, नवी दलाली, टेम्पोचं भाडं. मालक बरा असेल तर ॲग्रीमेंट रिन्यूच करा.

आजारपण मात्र एका झटक्यात सगळं साफ करतं. मोठं ऑपरेशन सांगितलं म्हणून लगेच दागिने मोडू नका, आधी केईएम, सायन किंवा नायर या मुंबई पालिकेच्या हॉस्पिटलात दाखवा, मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनीसाला विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना ते आजच बघून ठेवा, ॲडमिट झाल्यावर धावपळ नको.

बँकेत जाल तेव्हा दोन सरकारी विम्यांचे फॉर्म भरा, अपघाताचा वर्षाला 20 रुपये आणि जीवन ज्योती या आयुर्विम्याचा 436, दोन्हीचं कव्हर 2 लाख. मे महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात, तेव्हा खात्यात निदान 456 ठेवा.