वापरात नसलेली उपकरणे पावसाळ्यापूर्वी घरात कशी ठेवावीत

कोल्हापुरात वळवाच्या सरी पडून गेल्या की कूलरचे काम संपते आणि बऱ्याच घरांत तो तसाच जिन्याखाली ढकलला जातो. तेथे जुना मिक्सर, जादा इन्व्हर्टर आणि मुलगा नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून बंद असलेला लहान फ्रिज आधीच येऊन बसलेले असतात. आपल्याकडे जूनपासून भिंतींना ओल सुटते, आणि बंद उपकरणाचे जेवढे नुकसान ही ओल करते तेवढे धूळ करत नाही. म्हणून ही आवराआवर मे महिन्यातच, कडक ऊन असताना उरकावी.

प्रथम जागा ठरवावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. नदीकाठी किंवा जयंती नाल्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी तळमजल्यावर काही ठेवूच नये, कारण ऐन पुरात फ्रिज माडीवर चढवणे कोणालाही जमत नाही. इतरांनीही उपकरण फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा विटांवर ठेवावे आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे.

फ्रिजकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. तो बंद करून बर्फ पूर्ण वितळू द्यावा, मागच्या ट्रेमधले पाणी काढावे, आतून सोड्याच्या पाण्याने पुसून दिवसभर उघडा वाळवावा. दार घट्ट लावल्यास आत बुरशी धरते, म्हणून फटीत कापडाची गुंडाळी ठेवावी. मात्र ती फट तेवढीच राहील अशा रीतीने बाहेरून पक्की दोरी बांधावी. लपाछपी खेळताना लहान मूल आत शिरले आणि दार लागले, तर ते गुदमरू शकते, त्यामुळे घरात मुले असोत वा नसोत, या बाबतीत हयगय करू नये. फ्रिज उभाच ठेवावा. हलवताना आडवा करावा लागला असेल, तर कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येण्यासाठी तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी किमान एक दिवस उभा राहू द्यावा.

इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास तिच्या प्लेटांवर थर जमून ती पुन्हा चार्ज होत नाही. ती पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहून, तारा सोडवून ठेवावी आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो व तो पेट घेतो. त्यामुळे ती देवघराजवळ, गॅसच्या शेगडीजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नये. रिमोट आणि घड्याळांतले सेल मात्र काढूनच टाकावेत.

कूलरचे पाणी काढून टाकी व पंप उन्हात वाळवावा. वॉशिंग मशीनच्या दोन्ही नळ्यांत पाणी अडकलेले असते, ते उतरवून दार किलकिले ठेवावे. मिक्सर पुसून ठेवला की पुरे.

झाकण्यासाठी जुनी सुती चादर वापरावी. प्लास्टिक घट्ट गुंडाळले की आत दमट हवा कोंडते, रात्रीच्या गारव्यात तिचे पाणी होऊन पत्र्यावर बसते आणि गंज चढतो. वायर सैल गुंडाळून वर बांधावी, म्हणजे उंदरांना ती सहज कुरतडता येणार नाही.

पुढे वापरायला काढताना पिन लावण्याआधी वायर हाताने चाचपून पाहावी. पुराचे पाणी लागलेले उपकरण वरून सुकलेले दिसले तरी कारागिराने उघडून तपासल्याशिवाय सुरू करू नये.