व्हिसलर फसलं तर क्युबेक: बॅकअप स्की ट्रिप कशी निवडायची

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या व्हिसलर स्की रिसॉर्टचं ठरलंय पण तिकडे बर्फच पडत नाहीये, तर पूर्वेकडचा क्युबेक प्रांत हाताशी ठेवा. दोन्हीकडे कॅन्सल होणारंच हॉटेल घ्या आणि आठवडाभर आधी स्नो रिपोर्ट बघून काय ते ठरवा. लहान पोरं असतील तर माँ ट्राम्ब्लां हे स्की रिसॉर्ट, मॉन्ट्रियलहून गाडीने दीड-दोन तास, सगळं पायथ्याशीच. मला विचाराल तर क्युबेक सिटीत राहा, माँ सेंट-आन हा स्कीचा डोंगर तिथून 40 किमी, पुढे ल मासिफ हा दुसरा, वरून खालपर्यंत 770 मीटर उंचीचा उतार आणि खाली सेंट लॉरेन्स नदीत तरंगणारे बर्फाचे तुकडे, उतरताना वाटतं आता थेट पाण्यातच जातोय. पावडरची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाची, आशा फार धरू नका, मशीनचा टणक बर्फ बराच असतो, म्हणून स्कीच्या कडांना आधी धार लावून घ्या. थंडी उणे 25 पर्यंत जाते, नाकातले केससुद्धा गोठतात हो, हातमोजे दोन जोड न्या.